मुलांचा ओसीडी: उपचार आहेत, पण ते मुलांपर्यंत पोचतात का?

मृद्गंध

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि ओसीडी असलेल्या मुलांसोबत काम करते. ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हापुन्हा येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहणं, असा विकार. बरेच पालक माझ्याकडे येतात तेव्हा आधी कुठेतरी उपचार होऊन गेलेले असतात. मुलाशी गप्पा मारलेल्या असतात, चित्रं काढून घेतलेली असतात, दीर्घ श्वास शिकवलेला असतो. 'असा विचार आला की मन दुसरीकडे वळव' हेही सांगून झालेलं असतं. एवढं होऊनही हात धुणं, कडी तपासणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं सगळं जागच्या जागी असतं. मग आईवडील म्हणतात, थेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही.

माझं म्हणणं असं, की त्या मुलाला ओसीडीची थेरपी मिळालेलीच नसते. मुलांच्या ओसीडीवरचे उपचार सुधारायचे तर नव्या शोधाची वाट बघत बसायची गरज नाही. जे काम करतं हे माहीत आहे ते नीट, पुरेसं आणि घरच्यांना सोबत घेऊन करायला हवं. सगळ्यात मोठी तूट तिथे आहे.

काम करतं ते काय? एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपी. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये दोन प्रौढ रुग्णांवर ही पद्धत वापरल्याचं लिहिलं. तोवर ओसीडीवर मानसोपचारांचा फारसा परिणाम होत नाही असंच मानलं जाई. तत्त्व समजायला सोपं आहे. मनात नको तो विचार येतो, भीती उसळते, ती शमवायला मूल काहीतरी कृती करतं आणि क्षणभर बरं वाटतं. त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी ती कृती करण्याची निकड आणखी वाढते. डास चावलेली जागा खाजवत राहिलं की होतं तसंच. ईआरपीत मूल त्या भीतीच्या जवळ मुद्दाम जातं आणि कृती मात्र करत नाही.

हे मुलाच्या संमतीने आणि चढत्या क्रमाने होतं. मुलासोबत बसून भीतीची शिडी करायची. दाराच्या कडीला हात लावून न धुणं याला दहापैकी तीन, शाळेतल्या बाकाला हात लावून मग स्वतःचं दप्तर हाताळणं याला सहा, असं. सुरुवात तीनवाल्या पायरीने. थेरपिस्ट आधी स्वतः कडीला हात लावतो, मग मूल लावतं, मग दोघं मिळून वाट बघतात. भीती शून्यावर आलीच पाहिजे असा पूर्वीइतका आग्रह आता धरत नाहीत. 'मला वाटलं होतं तसं झालं नाही' किंवा 'भीती होती तरी मला ती झेपली' हे मुलाला स्वतःच्या अनुभवातून कळणं जास्त महत्त्वाचं मानलं जातं. म्हणून पायरी चढण्याआधी विचारायचं, 'काय होईल असं वाटतंय?' आणि नंतर विचारायचं, 'काय झालं?'

आकडे देते, कारण 'थेरपी म्हणजे नुसतं बोलणं' हा समज त्यांनी बराच हलतो. २००४ साली अमेरिकेतल्या पॉट्स नावाच्या चाचणीचे निकाल आले. ७ ते १७ वयाची ११२ मुलं, १२ आठवडे, चार गट. लक्षणं जवळपास गेली म्हणावीत इतकी सुधारणा थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या गटात सुमारे ५४ टक्के मुलांत झाली. फक्त थेरपीच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं, फक्त औषधाच्या गटात २१ आणि प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या गटात जेमतेम ४. त्या थेरपीचा गाभा ईआरपी हाच होता.

तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा. मतभेद असतील तर तेही लिहा.

सोनसळी

खूप गरजेचा धागा. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. रोज रात्री झोपण्याआधी विचारते, "आई, माझ्यामुळे कुणाला काही होणार नाही ना?" मी "नाही" म्हणते. पण ते 'नाही' ठराविक सुरात यावं लागतं. सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. थेरपिस्ट म्हणाल्या, उत्तर देऊ नका. एक रात्र नाही दिलं, तर इतकी रडली की शेवटी तिला जवळ घेऊन दहा वेळा सांगितलं. मूल समोर थरथरत असताना गप्प बसायचं कसं?

मृद्गंध

@सोनसळी, गप्प बसू नका. उत्तर न देणं आणि मुलीला एकटं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'उत्तर देऊ नका' एवढंच सांगून पालकांना घरी पाठवणं मला अपुरं वाटतं. हा उपचारातला सगळ्यात अवघड भाग आहे. तो पालकांना शिकवावा लागतो, त्यांच्याकडून करून घ्यावा लागतो.

ओसीडी असलेल्या बहुतेक घरांत हे होतं. आईवडील प्रश्नांची उत्तरं देतात, मुलाऐवजी दार उघडतात, कपडे दोनदा धुतात, अमुक शब्द घरात उच्चारत नाहीत. सगळं मायेपोटी. पण त्यातून मुलाला कळतं की भीती खरी असणार, म्हणून तर मोठी माणसंही तिचं ऐकतात. घरचा असा सहभाग जितका जास्त तितकी लक्षणं तीव्र असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

तो कमी कसा करायचा? एका रात्रीत तोडून नाही. दिवसा, दोघी शांत असताना तिला आधी सांगा: "रात्री तू विचारतेस आणि मी उत्तर देते, त्याने तुझी भीती वाढतेय हे आता मला कळलंय. सोमवारपासून मी एकदाच उत्तर देईन, साध्या आवाजात." ती दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा म्हणायचं, "तुला आत्ता फार भीती वाटतेय हे मला दिसतंय. आणि तू हे पेलशील याची मला खात्री आहे." एवढंच. पाठीवर हात ठेवा, शेजारी बसा, पण त्या प्रश्नाचं उत्तर नाही. हे जमलं की पुढे पहिलं उत्तरही काढून घ्यायचं. नंतर कधीतरी 'कुणाचं काय होईल हे कुणालाच नक्की माहीत नसतं' इथवर यायचं.

पहिल्या काही रात्री रडणं वाढेल. तसं होणारच आहे हे आधीच धरून चाला. पायरी मात्र तुम्हाला शेवटपर्यंत टिकवता येईल एवढीच घ्या. पाऊण तास तग धरून मग उत्तर दिलं तर पाऊण तास रडलं की उत्तर मिळतं, एवढंच शिकलं जातं.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी यावरच आधारलेली, फक्त पालकांसोबत करायची पद्धत विकसित केली. तिला स्पेस म्हणतात. चिंताविकार असलेल्या १२४ मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात, मुलाला एकदाही थेरपीला न बसवता पालकांसोबत केलेलं हे काम मुलांच्या थेरपीइतकंच उपयोगी ठरलं. तो अभ्यास ओसीडीच्या मुलांवरचा नव्हता हे खरं. पण मूल थेरपीला यायलाच तयार नसेल तर पालकांच्या हातात बरंच काही असतं, हे त्यावरून कळतं.

तिसरी_घंटा

मी आता तिशीत आहे. मला ओसीडी अकराव्या वर्षी सुरू झाला असावा. 'असावा' म्हणते, कारण पुढे कित्येक वर्षं मी कुणाला बोललेच नाही. मला सतत वाटायचं की मी माझ्या धाकट्या भावाला सुरीने मारेन. मी त्याच्यावर जीव टाकायचे. स्वयंपाकघरात जाणं सोडलं, त्याच्याशी खेळणं सोडलं. घरच्यांना वाटलं मी त्याचा मत्सर करते.

मी हात धूत नव्हते, काही मोजत नव्हते. जे करायचे ते मनातल्या मनात, एका विचाराला दुसऱ्या विचाराने पुसणं. दोन समुपदेशकांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" मी म्हटलं, "अभ्यासात लक्ष लागत नाही." एक डॉक्टर मात्र एक यादी घेऊन बसल्या. "काही मुलांना आपण कुणाला इजा करू असे विचार येतात. तुला येतात का?" मी रडायला लागले. कुणीतरी तो विचार माझ्याआधी मोठ्याने बोललं होतं.

उपचार सुधारायचे असतील तर कृपया मुलांना थेट विचारा. आम्ही आपण होऊन सांगत नाही.

दीपमाळ

@तिसरी_घंटा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांनी वापरली तशी यादी मुलांसाठीच्या येल-ब्राउन मोजपट्टीत असते. घाणीची भीती, इजेचे विचार, लैंगिक विचार, देवाधर्माशी जोडलेली अपराधी भावना, 'बरोब्बर झालं' असं वाटेपर्यंत करत राहणं, सगळं एकेक करून विचारलं जातं. मग तीव्रता ० ते ४० मध्ये मोजतात. साधारण १६ च्या पुढे गेलं की उपचारांची गरज आहे असं धरतात. काही महिन्यांनी पुन्हा मोजलं की उपचार लागू पडतोय का तेही कळतं. न मोजता 'बरं वाटतंय ना?' एवढ्यावर वर्षानुवर्षं उपचार चालू ठेवणं योग्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे वाचणाऱ्या पालकांसाठी: मुलाने असा विचार सांगितला तर घाबरू नका, सुऱ्या लपवू नका. ओसीडीतले हे विचार मुलाला स्वतःलाच भयंकर वाटतात, म्हणून तर ते त्यांच्यापासून पळत असतं. तुम्ही सुऱ्या लपवल्यात तर त्याला वाटेल, आईबाबांनाही माझी भीती वाटते. हे विचार ओसीडीचेच आहेत ना, हे ठरवण्याचं काम तज्ज्ञांवर सोडा.

कातळ

मुलगा १२ वर्षांचा. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन लिहून दिलंय. गोळी अजून घरातच आहे, दिलेली नाही. या वयात मेंदूवरचं औषध, त्यात इंटरनेटवर आत्महत्येचा इशारा वाचला. थेरपी एवढी चांगली असेल तर गोळी कशाला?

दीपमाळ

@कातळ, तुमची भीती रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सौम्य ते मध्यम लक्षणं असतील तर ईआरपी असलेली थेरपी आधी, हेच बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं २००५ चं मार्गदर्शनही तसंच आहे. गोळीचा विचार मुख्यतः तेव्हा करतात, जेव्हा लक्षणं तीव्र असतात, थेरपी पुरेशी पडत नाही, ती मिळतच नाही, किंवा भीती इतकी असते की मूल पहिली पायरीही चढू शकत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने मुलांच्या ओसीडीसाठी चार औषधांना मान्यता दिली आहे: सर्ट्रालिन ६ वर्षांपासून, फ्लुओक्सेटिन ७ पासून, फ्लुव्होक्सामिन ८ पासून आणि जुनं क्लोमिप्रामिन १० पासून. क्लोमिप्रामिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, ईसीजी बघावा लागतो, म्हणून ते सहसा पहिलं देत नाहीत.

इशाऱ्याबद्दल. तो २००४ चा आहे. तेव्हाच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन नैराश्यविरोधी औषध (फ्लुओक्सेटिन त्यातलंच) घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के दिसलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. धोका लहान आहे, पण खरा आहे. त्यामुळे पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना मुलाकडे बारीक लक्ष हवं. अस्वस्थपणा, झोप उडणं, एकदम चिडचिड दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

आणखी एक. ओसीडीत परिणाम दिसायला १० ते १२ आठवडे लागू शकतात, तेही पुरेशा डोसवर. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळ्या बदलत राहिल्याने कुठल्याच गोळीला नीट संधी मिळत नाही.

डॉक्टरांना तुमचे हे प्रश्न जसेच्या तसे विचारा. गोळी घरात पडून आहे हेही सांगा, म्हणजे ते त्या हिशोबाने पुढचं ठरवतील.

मृद्गंध

दीपमाळ यांच्या मुद्द्याला जोडून: गोळीने थोडा फरक पडलाय पण लक्षणं उरली आहेत, अशी मुलं पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी २०११ चा पॉट्सचा दुसरा अभ्यास फार बोलका आहे. १२४ मुलं. काहींचं औषध तसंच चालू ठेवलं, काहींना औषधाच्या भेटीतच डॉक्टरांनी थेरपीच्या थोडक्यात सूचना दिल्या, काहींना औषधासोबत पूर्ण थेरपी मिळाली. पुरेशी सुधारणा अनुक्रमे ३०, ३४ आणि सुमारे ६९ टक्के मुलांत झाली. मधला आकडा पुन्हा पहा. थोडक्यात सूचना देऊन जवळजवळ काहीच साधलं नाही. वेळ नाही म्हणून 'घरी हे हे करा' असं सांगून मोकळं होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हा आकडा भिंतीवर लावायला हवा.

पाऊलखुणा

वेगळं मत मांडतो. आधीच घाबरलेल्या मुलाला मुद्दाम घाबरवायचं हे मला क्रूर वाटतं. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाची संमती म्हणजे नक्की काय? मोठी माणसं सांगतात म्हणून ते हो म्हणणार. बळजबरी झाली तर?

मृद्गंध

@पाऊलखुणा, प्रश्न महत्त्वाचा आहे. बळजबरीने केलेलं एक्स्पोजर हे ईआरपी नव्हे. मुलाचा हात धरून कचऱ्याला लावणं, न सांगता साबण लपवणं, 'आज धुतलेस तर बघ' अशी धमकी देणं, यातलं काहीही झालं तर पालकांनी तिथून उठून यावं. मनगटाला रबर बांधून विचार आला की ताणून सोडायचं, असं सुचवणारेही भेटतात. मुलाला वेदना देऊन विचार थांबत नाहीत, उलट त्यांचं महत्त्व वाढतं.

लहान मुलाची संमती प्रत्येक पायरीला नव्याने घ्यावी लागते. 'आज कुठली पायरी?' हे त्याला निवडू द्यायचं, नको म्हणाला तर लहान पायरी शोधायची. सहा वर्षांची मुलं ओसीडीला एखादं टोपणनाव देतात, 'आज मी त्याचं ऐकणार नाही' म्हणतात, आणि ते जमलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघितल्यावर मला या कामाबद्दल शंका राहत नाही.

५ ते ८ वयाच्या १२७ मुलांवर अभ्यासही झालाय, २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला पालकांसह ईआरपी, दुसऱ्याला पालकांसह शिथिलीकरण, म्हणजे अंग सैल सोडून शांत होण्याचा सराव. प्रेमळ थेरपिस्ट दोन्हीकडे, वेळ दोन्हीकडे तितकाच. सुधारणा ७२ टक्के विरुद्ध ४१ टक्के. आणि मूल आत्ता रोज, दिवसभर, एकट्याने घाबरतंच आहे. आपण त्याला सोबत देऊन, त्याच्या चालीने त्यातून बाहेर काढतोय.

पाऊलखुणा

शेवटचा मुद्दा पटला. मात्र असं काळजीपूर्वक करणारे थेरपिस्ट मिळाले तरच, ही माझी अट कायम आहे.

मृद्गंध

माझीही.

रानवाट

शिक्षिका आहे. चौथीतला एक मुलगा अक्षर 'बरोबर' येईपर्यंत खोडतो. कागद फाटतो, तो रडतो, पेपर अर्धा राहतो. मी त्याला जादा वेळ देते. ते चूक की बरोबर?

मृद्गंध

@रानवाट, आत्ता बरोबर, कायमचं नको. जादा वेळ मिळत राहिला तर खोडण्यालाच वेळ मिळतो. थेरपिस्टशी बोलून ठरवा. या आठवड्यात एका विषयात पेनने लिहायचं, खोडरबर तुमच्या टेबलावर. पुढे एक अक्षर मुद्दाम वाकडं काढून तसंच सोडायचं. वर्गासमोर या गोष्टीचा उल्लेख नको. आणि त्याच्या आईवडिलांनी अजून कुणाला दाखवलं नसेल तर तुम्ही सांगा. शिक्षकांच्या हे लक्षात येणं हीच पुष्कळ मुलांसाठी उपचाराची सुरुवात असते.

निळीशाई

आमच्या आसपास ईआरपी जाणणारं कुणी नाही. ऑनलाइन उपयोग होतो का? आणि एक विचारायचं होतं, घसा आल्यानंतर अचानक ओसीडी सुरू होतो असं वाचलं, ते खरं का?

दीपमाळ

दुसऱ्याचं आधी. १९९८ मध्ये सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर अचानक ओसीडी किंवा टिक्स (आपोआप होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) सुरू झालेल्या मुलांचं वर्णन केलं, त्याला पँडास म्हणतात. त्यावर अजून वाद आहेत. एक-दोन दिवसांत लक्षणं एकदम उसळली, सोबत खाणं बंद, अक्षर बिघडणं, अंथरुणात लघवी असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. हळूहळू वाढलेल्या नेहमीच्या ओसीडीत उगाच प्रतिजैविकं देऊ नका.

मृद्गंध

ऑनलाइनबद्दल आशादायक गोष्ट आहे. स्वीडनमध्ये ८ ते १७ वयाच्या १५२ मुलांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आधी इंटरनेटवरचा ईआरपीचा कार्यक्रम दिला, मुलासाठी आणि पालकांसाठी वेगवेगळे धडे, थेरपिस्ट लेखी संदेशांतून मदत करणार. त्याने भागलं नाही त्यांनाच प्रत्यक्ष थेरपी. दुसऱ्या गटाला सुरुवातीपासून प्रत्यक्ष थेरपी. सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. माझ्या मते उपचार पोचवण्याचा पुढचा रस्ता हाच आहे: थेरपिस्ट मोजके असतील तर त्यांचा प्रत्यक्ष वेळ सगळ्यात गरजू मुलांसाठी राखायचा.

व्हिडिओ कॉलवरही चांगलं काम होतं. कधीकधी जास्त चांगलं, कारण भीतीच्या जागा मुलाच्या घरातच असतात. न्हाणीघर, कपाट, झोपायची खोली.

थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा: ईआरपी करता का? सेशनमध्ये प्रत्यक्ष करून घेता की फक्त त्याबद्दल बोलता? आम्हा पालकांना काय काम द्याल? सुधारणा कशी मोजाल? उत्तरं मोघम आली तर दुसरीकडे विचारा, त्यात संकोच नको.

कातळ

डॉक्टरांशी बोललो. लहान डोसने सुरू करतोय, थेरपीची वेळही घेतली. बरं वाटल्यावर गोळी कधी थांबते?

दीपमाळ

छान. लक्षणं आटोक्यात आल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग हळूहळू डोस कमी करतात. परीक्षा, शाळा बदलणं अशा धामधुमीत कमी करू नये. त्या काळात ईआरपीचा सराव चालू हवा, जमल्यास थेरपिस्टशी एक-दोन भेटी ठरवून ठेवाव्या. लक्षणं थोडी परतली तर जुनी शिडी काढायची आणि खालच्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचं.

सोनसळी

सोमवारपासून सुरू केलं. अवघड आहे, पण वाक्य पाठ झालंय. प्रश्न असा, की मी उत्तर दिलं नाही तर ती उठून मोठ्या भावाला विचारते आणि तो "नाही होणार काही, झोप" म्हणून मोकळा होतो. आजीलाही फोन लावून झाला. सगळ्यांना सांगायचं का?

मृद्गंध

हो, पण तिच्यासमोर आणि तिला आधी कळवून, म्हणजे सगळे आपल्याविरुद्ध एकत्र आलेत असं तिला वाटणार नाही. आजीला फोनवर सांगताना कारणासकट सांगा, नाहीतर त्यांना ते निष्ठुरपणाचं वाटेल. त्यांनी फक्त म्हणायचं, "बाळा, हे आईसोबत ठरलंय ना, मग आपण दुसरं काहीतरी बोलू." भावाला मात्र राखणदार करू नका. तिने विचारलं की "आईला विचार" एवढंच त्याने म्हणायचं आणि झोपायचं. तिला पेलायला लावण्याची जबाबदारी त्याची नाही. तो चिडत असेल, घाबरत असेल, तर त्याच्याशीही वेगळं बसून बोला. पुढच्या भेटीत हे सगळं थेरपिस्टच्या कानावर घाला आणि जमलं तर त्या एका भेटीला त्यालाही घेऊन जा.